चिमट्याच्या खणातला पिकअप

बेकरीवाल्यानं गिटार काउंटरवर ठेवली नाही, आपटलीच म्हणा ना. पेटीचे खटके उघडले, झाकण मागे टाकलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

"माझा पिकअप कुठाय?"

मी चष्मा कपाळावर चढवला. "गिटारमध्ये."

"गिटारमध्ये एक पिकअप आहे. माझा कुठाय, ते विचारतोय."

आता हा माणूस भांडखोर नाही. अंगाला कायम भाजक्या पिठाचा वास, भुवया पांढऱ्या, आणि दुकानात आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मिस्त्री, आज ब्रेड जरा करपलाय, तुमच्यासाठीच आणला." त्या दिवशी ब्रेडही नाही आणि मिस्त्रीही नाही.

ही गिटार त्याच्या थोरल्या भावानं स्वतःच्या हातानं केलेली. लाकूड जुन्या कपाटाचं. पिकअपही घरीच गुंडाळलेला, शिलाई मशीनच्या मोटरवर. भाऊ गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण बेकरीवाला दर रविवारी ती गिटार वाजवतो. म्हणतो, दादाशी बोलल्यासारखं होतं.

पिकअप म्हणजे काय, ते सांगून ठेवतो. तारांच्या खाली बसवलेली एक डबी. आत सहा चुंबकं, त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की खालच्या चुंबकाला कळतं आणि आवाज वायरीतून निघतो. सहा तारा, सहा चुंबकं, ज्याची त्याच्यासमोर. एवढंच. बाकीचं शिकलेल्यांना विचारा.

"झालंय काय पण?" मी विचारलं.

"वाजवून बघा."

वाजवली. मधल्या चार तारा ठणठणीत. जाड तार जरा दबलेली. आणि सगळ्यात बारीक तार, जिच्यावर सगळी गंमत असते, ती तोंडात रुमाल कोंबल्यासारखी. बोटानं आतल्या बाजूला ओढली की मधेच बोलायची, सोडली की पुन्हा गप्प.

"पंधरा दिवसांपूर्वी तुमच्याकडे दिली," बेकरीवाला म्हणाला. "ब्रिज झिजला होता म्हणून. तेव्हा हीच तार घंटेसारखी वाजायची. दादाचा पिकअप मी डोळे मिटून ओळखतो. हा तो नाही. कुणीतरी बदललाय."

माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. कारण तारा धरणारा ब्रिज मी बदलला होता, पण पिकअप मी हातात धरला नव्हता. त्याची एक वायर सुटली होती, ती जोडायचं काम मी चिमट्याला दिलं होतं.

चिमटा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. नाव कुणी घेतच नाही. हातात कायम चिमटा, म्हणून चिमटा. बोलणंही तसंच, एकेक शब्द चिमटीत धरून समोर ठेवणार. आमच्याकडे यायच्या आधी तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता. तिथून वीज तपासायचा एक महागडा मीटर गेला. कधीच सापडला नाही. ह्यानं घेतला असं कुणी दाखवून दिलं नाही, आणि नाही घेतला असंही नाही. मालक एवढंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." त्यानंतर दोन वर्षं ह्याला कुणी साध्या पान्याला हात लावू दिला नाही. शेवटी बायकोनं माझ्याकडे शब्द टाकला. मी ठेवून घेतलं, पण पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "इथनं एक स्क्रू जरी इकडचा तिकडे झाला ना, तर मेहुणा-बिहुणा बघणार नाही."

तो म्हणाला, "चालेल, दाजी."

पाच वर्षं झाली त्याला. पण माझ्याकडून हाकलला गेला असता तर त्याला ह्या धंद्यात दुसरं दार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी दिवा जवळ ओढला आणि पिकअप नीट बघितला. तारांखाली वर्षानुवर्षं घाम आणि लोखंडाची भुकटी पडते, त्याचे काळपट डाग बसतात. तारेची सावलीच म्हणा. डाग होते. पण बारीक तारेचा डाग तारेखाली नव्हता. दोन मिलिमीटर आत होता, चुंबकाच्या डोक्यावर. जाड तारेचंही तेच. चुंबकं आत, तारा बाहेर.

म्हणजे हा पिकअप कित्येक वर्षं दुसऱ्याच कुठल्यातरी गिटारमध्ये बसलेला होता. ह्या गिटारच्या तारा त्याच्यावरून कधी गेल्याच नव्हत्या. मला तरी तसंच दिसलं, आणि दिसलं ते चटकन पटलं.

बेकरीवाल्याला मात्र काही बोललो नाही. "तीन दिवस द्या," एवढंच म्हटलं.

"देतो. पण एक सांगून ठेवतो. दादाच्या पिकअपवर खूण आहे. कुठं आहे, काय आहे, ते सांगणार नाही. सांगितली तर तुम्ही तशीच करून द्याल."

"अहो, आपली इतक्या वर्षांची ओळख!"

"म्हणूनच तीन दिवस देतोय." मग त्यानं फोन काढला आणि गिटारचे फोटो घेतले, पुढून, मागून, कडेनं. स्क्रू मोजले. मोठ्यानं. "अकरा," म्हणाला, माझ्याकडे बघून. "भट्टी तापलीय, नाहीतर आत्ताच उघडायला लावली असती." आणि गेला.

चिमटा मागच्या टेबलावर मान खाली घालून वायरींना डाग देत होता, म्हणजे सोल्डरिंग. सगळं ऐकलं असणार, दुकान केवढं ते. पण मान वर नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, ह्या गिटारचा पिकअप काढला होतास ना तू?"

"हो. वायर सुटली होती."

"आणि परत तोच बसवलास?"

त्यानं डाग देणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. "मग?"

"नाही, विचारलं आपलं."

"दाजी, त्या गिटारचं ना…"

"काय त्या गिटारचं?" मी जरा जोरातच म्हणालो.

"काही नाही. नंतर बोलू." आणि पुन्हा मान खाली.

माणसाच्या डोक्यात एकदा किडा वळवळायला लागला ना, की साधं शिंकणंही खुणेचं वाटतं. त्या दुपारी चिमटा जेवायला घरी गेला. पाच वर्षांत एकदाही गेला नव्हता, दोघांचा डबा एकत्रच असायचा. जाताना रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. परत आला तेव्हाही रुमालात काहीतरी होतं, आणि ते थेट त्याच्या खणात गेलं. खणाला कुलूप. तांब्याच्या बारीक तारेचं रीळ मी उचलून बघितलं, हलकं लागलं. मागच्या आठवड्यात एवढं हलकं होतं का? आठवेना. पण तेव्हा मला वाटलं, नव्हतं.

घरी बायकोला म्हटलं, "तुझ्या भावाचं काहीतरी शिजतंय."

ती भांडी विसळत होती. "काय शिजतंय?"

सगळं सांगितलं. खूण, डाग, रुमाल, रीळ. तिनं नळ बंद केला.

"विचारलंत का त्याला? सरळ?"

"सरळ विचारून कुणी सरळ सांगतं का?"

"तुम्ही वाकडं विचारलं असणार. ओळखते मी." हात पुसत म्हणाली, "हे बघा. त्यानं चोरलं असेल तर मी स्वतः कानाला धरून त्याला तुमच्यासमोर उभा करीन. माझा भाऊ आहे म्हणून झाकणार नाही. पण नसेल चोरलं तर? तर तुम्ही काय करणार, ते आत्ताच सांगा."

मी पाट ओढला. म्हटलं, "वाढ जेवायला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा घरी गेला. ह्या वेळी रुमाल नेला नाही. खणाची किल्ली तो पेन्सिलींच्या डब्यात ठेवायचा, मला माहीत होतं. लपवायची म्हणून नाही, तिथंच ठेवायची सवय. मी शटर अर्धं ओढलं आणि खण उघडला.

रुमाल समोरच. उलगडला तर आत पिकअप. काळा, सहा चुंबकं, वरून मेण दिलेलं. हाताला जरा चिकट.

मी तो बेकरीवाल्याच्या गिटारवर नुसता तारांखाली धरून बघितला. सहाच्या सहा चुंबकं सहाच्या सहा तारांच्या बरोबर खाली. एक केसभर इकडे नाही, तिकडे नाही. मापानं केल्यासारखा. तारा सैल केल्या, गिटारमधला पिकअप काढला, हा बसवला, डाग दिला, लावून वाजवली. बारीक तार घंटेसारखी वाजली.

सापडला! मी एकटाच मोठ्यानं म्हणालो.

आणि तेवढ्यात शटरखालून वाकून चिमटा आत आला. उघडा खण बघितला, माझ्या हातातली गिटार बघितली.

"माझा खण उघडलात?"

"उघडला. आणि बरं झालं उघडला. हा पिकअप ह्या गिटारचा आहे की नाही?"

"त्याच गिटारसाठी आहे, पण दाजी, ऐका आधी…"

"आता काय ऐकायचं राहिलं? पाच वर्षं ऐकूनच घेतलं ना! त्या रेडिओवाल्यानं जे केलं ते मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. तो मीटर…"

मीटर म्हटलं आणि माझी मलाच जीभ चावावीशी वाटली, पण शब्द गेला होता. चिमट्याचा चेहरा कसा झाला, सांगतो. दिवा विझल्यावर काच दिसते ना, तसा. ॲप्रन काढला, घडी घातली. हातातला चिमटा टेबलावर ठेवला, टोक भिंतीकडे करून, रोज ठेवतो तसाच. आणि शटरखालून वाकून निघून गेला.

मी संध्याकाळपर्यंत एकटाच बसलो. चोर सापडल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटत नव्हतं. घरी गेलो तर बायको नाही. भावाकडे गेली होती.

तिसऱ्या दिवशी बेकरीवाला आला. मी गिटार तयार ठेवली होती, पुसून, चकचकीत. गिटारमधून काढलेला पिकअप शेजारी कागदावर.

"घ्या तुमच्या दादाचा पिकअप," मी म्हणालो. "कुठून आला, कसा आला, विचारू नका. मी बंदोबस्त केलाय."

त्यानं वाजवली. बराच वेळ वाजवली. बारीक तार ओढली, सोडली. मान हलवली. मला वाटलं, खूश झाला.

"आवाज चांगलाय. फार चांगलाय." मग गिटार खाली ठेवली. "पण हा दादाचा नाही."

"अहो, तारा बघा! चुंबकांवर कशा बसल्यात!"

"बसल्या असतील. उघडा."

उघडला. त्यानं पिकअप उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला, अंगठ्याच्या नखानं खालचं मेण खरवडलं. खाली नवं कोरं काळं प्लॅस्टिक.

"नाही. तो दुसरा द्या."

मी कागदावरचा दिला. त्याचं मेण जुनं, पिवळं पडलेलं. बेकरीवाल्यानं नखानं खरवडलं, आणि खालून हळूहळू खिळ्यानं कोरलेला आकडा निघाला. तीन.

बेकरीवाला खुर्चीत बसला. "तिसरा," म्हणाला. "आधीचे दोन मी तोडले होते. लहान होतो, भोवऱ्यासारखे फिरवून बघितले. दादानं मारलं नाही. तिसरा केला, आकडा घातला आणि म्हणाला, चौथा होणार नाही, कळलं?" मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे हा सगळा वेळ गिटारमध्येच होता?"

"गिटारमध्येच होता," मी म्हणालो.

पिकअप तोच. गिटार तीच. मग तारा दोन मिलिमीटर बाहेर गेल्या कशा?

आणि तेव्हा, बघा, पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट समोर उभी राहिली. ब्रिज म्हणजे गिटारच्या पोटावरची लोखंडी पट्टी, तिच्यावर सहा बैठका, प्रत्येक तारेला एक. मी नवा ब्रिज आणला होता. जुन्या भोकांवर ठेवून बघितला, तिन्ही स्क्रूची भोकं जुळली. मागून चिमटा म्हणाला होता, "दाजी, तारांचं अंतर एकदा मोजू या का?" आणि मी म्हटलं होतं, "भोकं जुळली ना? मग लग्न जुळलं. तू तुझी वायर बघ." रेडिओचा आवाजही वाढवला होता मीच.

भंगाराच्या डब्यातून जुना ब्रिज काढला. मोजपट्टी लावली. पहिल्या बैठकीपासून सहाव्यापर्यंत पन्नास मिलिमीटर. नव्यावर लावली. चोपन्न. पुन्हा लावली. चोपन्नच. मोजपट्टीला काय, ती कुणाची मेहुणी लागत नाही.

दोन्हीकडे दोन-दोन. तारा पसरल्या, चुंबकं जागेवर राहिली. डाग बरोबर होते, चुंबकं बरोबर होती. चूक फक्त माझी होती.

आणि चिमट्यानं काय केलं होतं? गिटार एक दिवस परत येणार हे त्याला ठाऊक होतं. मला चारचौघांत चुकलात म्हणायचं नाही, म्हणून त्या चोपन्नाच्या ब्रिजला जुळेल असा रुंद पिकअप गुंडाळून ठेवत होता. रोज रात्री घरी, आणि शेवटचं मेण द्यायला त्या दुपारी. स्वतःचं जेवण सोडून.

बेकरीवाल्याला मी सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. तो ऐकत राहिला, मग खो-खो हसला.

"म्हणजे मी तुमच्यावर संशय घेतला, तुम्ही त्याच्यावर. त्यानं कुणावर घ्यायचा?" हसता हसता थांबला. "कुठाय तो?"

"घालवला मी."

"मग इथं काय करताय, मिस्त्री?"

चिमटा एका लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत राहतो. जिना गरम वाफेनं ओला असतो. दार बायकोनं उघडलं, मला बघून बाजूला झाली, पण 'या' म्हणाली नाही. चिमटा खिडकीपाशी शर्टाचं बटण लावत बसला होता, सुई चिमट्यात धरून.

मी उभ्या उभ्याच बोललो. "पन्नासाच्या जागी चोपन्न लावला मी. तू सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

त्यानं सुई आरपार ओढली.

"आणि मीटरचं बोललो, ते… ते बोलायला नको होतं."

"तो मीटर मी नव्हता घेतला," चिमटा म्हणाला. पाच वर्षांत पहिल्यांदा. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

बायको म्हणाली, "मी विचारलं होतं ना, नसेल चोरलं तर काय करणार म्हणून? आता सांगा."

"उद्या ये," मी चिमट्याला म्हटलं. "बेकरीवाल्याला पन्नासाचा ब्रिज लावायचाय. तू मोज. मी स्क्रू आवळतो."

तो आला. वेळेवर. ब्रिज त्यानं तीनदा मोजला, मी हूं का चूं केलं नाही. तिसऱ्या नंबरचा पिकअप जागेवर गेला, तार बोलायला लागली. बेकरीवाला दोन करपलेले ब्रेड ठेवून गेला, एक माझा, एक चिमट्याचा. चिमट्याचा कमी करपलेला होता, ते मी बघितलं.

पण संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी चिमट्यानं आपला खण अख्खा बाहेर ओढला आणि माझ्या टेबलावर पालथा केला. तीन चिमटे, डागाची तार, तुटकी चुंबकं, बटणं. रुमाल झटकून दाखवला. मग दोन्ही खिसे उलटे केले.

"बघून घ्या, दाजी."

"अरे सोड ना आता. झालं ते झालं."

"नाही. बघून घ्या."

बघितलं. काय करणार? त्यानं सगळं भरलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. पेन्सिलींच्या डब्यात नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. आठ दिवस रोज संध्याकाळी तो खण माझ्यासमोर ओतायचा आणि मी खाली मान घालून बघायचो. एकदाही टोमणा मारला नाही त्यानं. मारला असता तर बरं झालं असतं.

नवव्या दिवशी मला राहवलं नाही. तो खणाला हात घालणार तेवढ्यात मी उठलो आणि माझेच खिसे टेबलावर उलटे केले.

"घे. तूही बघून घे."

पडलं काय? तुटक्या तारेचं टोक. खोकल्याची गोळी, लाकडाच्या भुशानं माखलेली. बायकोनं दिलेली सामानाची यादी, जी आणायची राहिली होती. आणि एक छोटा, पिवळ्या मुठीचा पेचकस.

चिमटा त्या पेचकसाकडे बघत राहिला. "हा मी चार दिवस शोधतोय."

माझे कान तापले. "अरे, मला काय माहीत… उचलला असेल, खिशात गेला असेल… मी मुद्दाम कशाला…"

त्यानं चिमटा घेतला, दोन टोकांत पेचकस धरला, उजेडात उलटसुलट करून बघितला. अगदी बेकरीवाल्यानं पिकअप बघितला होता तसा. मग माझ्याकडे वळला.

"इथनं एक स्क्रू जरी इकडचा तिकडे झाला ना, दाजी…"

आणि तिथंच थांबला. पुढचं वाक्य काही पुरं केलं नाही. पेचकस खणात टाकला, खण तसाच आत ढकलला, न ओतता. कुलूप लावलं, आणि किल्ली पेन्सिलींच्या डब्यात टाकली. माझ्यासमोर, खण्णकन आवाज करून.